‘पाकिस्तानची डिग्री इथं चालत नाही’ म्हणाले? मग ते लेखी द्या म्हणा

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, आम्ही सिंधी हिंदू. २०१२ च्या शेवटी सिंधमधून आलो, तेव्हापासून महाराष्ट्रातच आहोत. मुलगी इथंच शिकली, तिच्याबरोबर मी पण मराठी शिकले. गेल्या वर्षी सीएए म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली नागरिकत्वाचं सर्टिफिकेट मिळालं. मी तिकडं बी.एस्सी. आणि नंतर केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, दोन वर्षं कॉलेजात शिकवलंय. वाटलं आता सगळं सुरळीत होईल, म्हणून एका शाळेत गेले. क्लार्कनं फाइल उघडली, देशाचं नाव वाचलं आणि फाइल मिटली. म्हणे पाकिस्तानची डिग्री इथं चालत नाही. दुसरीकडं पण तेच. एक माणूस म्हणतोय, मागच्या तारखेची इथली डिग्री काढून देतो. माझे दीर तिकडं एमबीबीएस डॉक्टर होते, इथं हॉस्पिटलात बिलिंगला बसतात. कुठलाही फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात मी हल्ली नुसतं ‘बारावी’ लिहिते. वय ३६. माझं शिक्षण गेलंच का?"

ताई, नाही गेलं. तुमच्या पत्रातलं ते ‘बारावी’ वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, त्याच्यावर शेवटी बोलूच, पण आधी कामाचं बोलते कारण तुमच्या बाजूनं सरकारी कागद आहे आणि तो तुम्हाला कुणी दाखवलेलाच नाही असं दिसतंय.

२२ एप्रिल २०२२ ला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) या दोघांनी मिळून एक जाहीर नोटीस काढली होती. त्या नोटिशीचा पहिला भाग पेपरात गाजला, की भारतीय विद्यार्थ्यांनी उच्च शिक्षणासाठी पाकिस्तानात जाऊ नये, भारतीय नागरिक किंवा ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) असलेल्या माणसानं तिथं डिग्री केली तर त्या डिग्रीवर इथं नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळणार नाही. हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं आणि तुमच्या त्या क्लार्कच्या डोक्यात पण तेच बसलेलं असणार. पण त्याच नोटिशीत लगेच पुढं लिहिलंय की पाकिस्तानातून स्थलांतर करून आलेले लोक आणि त्यांची मुलं, ज्यांनी तिथं उच्च शिक्षणाची डिग्री घेतलीय आणि ज्यांना भारताचं नागरिकत्व मिळालंय, ते गृह मंत्रालयाची सिक्युरिटी क्लिअरन्स घेऊन भारतात नोकरीसाठी पात्र असतील. म्हणजे बंदी आहे ती इथून तिकडं शिकायला जाणाऱ्यावर, आणि तुम्ही तर तिथंच जन्मलात, तिथंच शिकलात आणि मग इकडं आलात, तुमच्यासाठी त्याच कागदात वेगळं वाक्य आहे. ही नोटीस आधी प्रिंट करून घ्या, ते वाक्य पेनानं अधोरेखित करा आणि फाइलीत सगळ्यात वर लावा, अगदी डिग्रीच्याही वर.

आता जे ऐकायला बरं वाटणार नाही ते पण सांगते. नागरिकत्व मिळालं म्हणजे डिग्री आपोआप भारतीय होत नाही. या दोन गोष्टी सरकारच्या लेखी अगदी वेगवेगळ्या आहेत, वेगळं मंत्रालय, वेगळा कायदा, वेगळा माणूस. सीएएनं नागरिकत्व कायद्यात घातलेलं ६ब कलम तुम्हाला नागरिक करतं, तुमच्या एम.एस्सी.बद्दल ते एक शब्द बोलत नाही. नागरिकत्वानं तुम्हाला अर्ज करायचा हक्क मिळाला, डिग्रीची मान्यता वेगळी मागावी लागते आणि ती ज्याच्या-त्याच्या दारात मागावी लागते. इथंच बहुतेक लोक थकतात कारण त्यांना वाटतं एकदा सर्टिफिकेट हातात आलं की संपलं.

मी एका विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी सेक्शनला एकवीस वर्षं टेबलावर होते म्हणून हे आतून सांगतेय. बाहेरच्या बोर्डाचे, बाहेरच्या देशातले विद्यार्थी आधी आमच्याकडं यायचे. एक गृहस्थ आठवतात, चाळिशीचे असतील, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी सर्टिफिकेटं, प्रत्येक कागदाच्या मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घातलेला, शाई एकमेकांना लागू नये म्हणून. मी देशाचं नाव बघितलं आणि म्हणाले, हे इथं होणार नाही. लेखी काही दिलं नाही. लेखी दिलं की त्याच्यावर अपील येतं, ते परत आपल्याच टेबलावर येतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते ‘ठीक आहे मॅडम’ म्हणाले, कागद परत त्याच क्रमानं वर्तमानपत्राच्या तुकड्यांमध्ये ठेवले आणि गेले. तीन वर्षांनी परत आले, पिशवी तीच. त्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं त्यांचा अर्ज आवकमध्ये घेतला, भारतीय विश्वविद्यालय संघाला, म्हणजे एआययूला पत्र लिहिलं आणि काही महिन्यांत त्यांची समकक्षता, म्हणजे बाहेरची डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची धरली जाणं, झाली सुद्धा. त्या माणसाची तीन वर्षं माझ्या एका तोंडी वाक्यात गेली. म्हणून मी आता प्रत्येकाला हात जोडून सांगते, तोंडी ‘नाही’ घेऊन घरी जाऊ नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, आणि म्हणा की जे काय असेल ते लेखी कळवा. निम्म्या वेळा तिथंच सूर बदलतो, कारण लेखी ‘नाही’ म्हणायला नियम दाखवावा लागतो आणि तसा नियम त्यांच्याकडं नसतो.

आता तुमच्या एम.एस्सी.चं. पूर्वी हे समकक्षतेचं काम एआययू करायची. ४ एप्रिल २०२५ ला यूजीसीनं परदेशी शिक्षणाची मान्यता आणि समकक्षता यासाठी स्वतःचे नियम काढले, त्यात अर्ज ऑनलाइन पोर्टलवर करायचा, तज्ज्ञांची समिती तो बघते आणि निर्णय पंधरा कामकाजाच्या दिवसांत कळवायचा असं ठरवलंय, नकार आला तर फेरविचाराचा अर्ज पण करता येतो. यूजीसीचं समकक्षता प्रमाणपत्र मिळालं की ते पुढचं शिक्षण, संशोधन आणि जिथं यूजीसीमान्य डिग्री लागते अशी नोकरी, तिन्हीकडं चालतं. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर हे या नियमांत येत नाही, त्यांच्या-त्यांच्या कौन्सिल वेगळ्या, त्यावर दिरांच्या निमित्तानं पुढं येते.

तुमच्या केसमध्ये खरी अडचण देशाच्या नावापेक्षा वर्षांची आहे, आणि हे तुम्हाला कुणीच सांगितलेलं नसणार. तुमच्या वेळची तिकडची बी.एस्सी. दोन वर्षांची, मॅट्रिक दहा, इंटर दोन, बी.एस्सी. दोन आणि एम.एस्सी. दोन, झाली सोळा. आपल्याकडं दहा, दोन, तीन, दोन म्हणजे सतरा. तिथल्या हायर एज्युकेशन कमिशननं पुढं ती दोन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. बंद केली आणि चार वर्षांची बीएस आणली, पण तुमचं त्याच्या आधीचं. म्हणजे समिती पहिल्यांदा बोट ठेवेल ते या एका वर्षावर. म्हणून अर्ज करताना फक्त एम.एस्सी. जोडून मोकळं होऊ नका. मॅट्रिक, इंटर, बी.एस्सी., एम.एस्सी. चारही पायऱ्या जोडा, प्रत्येक वर्षाची मार्कशीट, आणि जमलं तर सिलॅबसची प्रत, किती पेपर होते, प्रॅक्टिकलचे किती तास, प्रोजेक्ट किंवा थिसिस होता का. तुमच्या एम.एस्सी.त थिसिस असेल तर तो नक्की लावा, त्याचं वजन पडतं. काय होईल हे मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. एम.एस्सी. पूर्ण धरली जाईल, किंवा पदवीच्या पातळीपर्यंतच धरतील. पदवीपर्यंत धरली तरी रस्ता बंद नाही झाला, इथून एम.एस्सी.ची दोन वर्षं करायची, मुक्त विद्यापीठं आहेत, नाशिकचं यशवंतराव चव्हाण आहे, इग्नू आहे, घर सांभाळून होतं. ज्या बाईनं नवी भाषा मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून शिकली तिला ऑरगॅनिक केमिस्ट्री परत वाचायला भीती वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

कागदांचं सगळ्यात अवघड आहे. तिकडं मॅट्रिक-इंटर साक्षांकित करतं ते आयबीसीसी, म्हणजे तिथल्या बोर्डांची सामाईक संस्था, आणि डिग्री साक्षांकित करतं ते हायर एज्युकेशन कमिशन, एचईसी. तुमच्या कागदांच्या मागं हे शिक्के आधीच आहेत का बघा, निघताना काही लोक घेऊन ठेवतात. नसतील तर मे २०२५ पासून पाकिस्तानातून येणारं टपाल आणि पार्सल भारतानं थांबवलंय, त्यामुळं तिथल्या भावानं पाकीट टाकलं आणि इथं आलं असं होणार नाही. तुमच्या समाजातली बरीच माणसं दुबईला असतात, तिथून येणारं कुणी जवळचं असेल तर हातातून आणता येईल, आणि तिथल्या नातेवाइकाला तुमच्या वतीनं अर्ज करायचा अधिकार लेखी द्यावा लागेल. जे कराल ते उघड करा, कुणी आणलं, कधी आणलं हे एका कागदावर लिहून ठेवा, लपवण्यासारखं यात काहीच नाहीये आणि पुढं सिक्युरिटी क्लिअरन्सच्या वेळी कुणी विचारलं तर तोच कागद कामाला येतो.

आणि एक गोष्ट, ही वाचून तुम्हाला पण आश्चर्य वाटेल. मार्च २०२४ मध्ये सीएएचे नियम आले त्यात अर्जदार पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानचा आहे हे सिद्ध करायला कुठले कागद चालतील त्याची यादी आहे, आणि त्या यादीत तिथल्या शाळेचं, कॉलेजचं, बोर्डाचं, विद्यापीठाचं सर्टिफिकेट आहे. तुम्ही अर्जाला काय लावलं होतं आठवतंय? बऱ्याच जणांनी पासपोर्टबरोबर मार्कशीट लावली. तुम्हीही लावली असेल तर तुमचीच मार्कशीट भारत सरकारनं नियमानुसार कागद म्हणून घेतली, जिल्ह्याच्या समितीत पोस्टाच्या सुपरिंटेंडेंटसमोर मूळ प्रत तपासली गेली, तिथं तुम्ही शपथ घेतली, आणि तुम्ही नागरिक झालात. मग शाळेतला माणूस तिला हात लावत नाही तेव्हा हे त्याला शांतपणे सांगा. याचा अर्थ डिग्रीची समकक्षता झाली असा नाही, तसा दावा करू नका, पण कागद खोटा नाही, सरकारच्या फाइलीत आहे, एवढं तर नक्की म्हणता येतं. आणि त्या फाइलीतल्या तुमच्या कागदांच्या प्रमाणित प्रती तुम्ही माहितीच्या अधिकारात मागू शकता. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. लाँग टर्म व्हिसावर होतात तोपर्यंत हा अधिकार तुमचा नव्हता, कारण आरटीआय कायद्याचं तिसरं कलम हा हक्क फक्त नागरिकांना देतं. आता तुमचा आहे. वापरा.

नावाचं पण बघून घ्या, यात लोकांचे महिनोन् महिने जातात. तिकडच्या मार्कशीटवर तुमचं नुसतं नाव आणि खाली ‘डॉटर ऑफ’ म्हणून वडलांचं नाव असणार, आडनाव बहुतेक नसेल. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लागलं असेल, आधारवर स्पेलिंग तिसरंच. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत असं एक प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि राज्य सरकारच्या गॅझेटमध्ये नाव प्रसिद्ध करून घ्या, एकदाच करा, मग प्रत्येक ठिकाणी तेच जोडता येतं. शाळा सोडल्याचा दाखला सिंधीत असेल तर अधिकृत भाषांतर करून घ्या. आणि कृपा करून कुठलाही मूळ कागद लॅमिनेट करू नका, मायेनं लोक करतात, पण मग त्याच्या मागं शिक्का मारता येत नाही आणि कागद असून अडकतो.

सिक्युरिटी क्लिअरन्सला घाबरू नका. नाव जड आहे एवढंच, नागरिकत्वाच्या वेळी तुमची चौकशी झालीच आहे. नोकरीचा अर्ज जिथं कराल त्या संस्थेला कव्हरिंग लेटरमध्ये २२ एप्रिल २०२२ च्या नोटिशीचा उल्लेख करा, आणि स्वतः पण गृह मंत्रालयाला अर्ज पाठवा, नागरिकत्व सर्टिफिकेटचा नंबर, तारीख, डिग्र्या, कुठल्या कामासाठी हवंय ते, सगळं एका पानात, स्पीड पोस्टानं, पावती जपून. महिना-दीड महिना काहीच हललं नाही तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, तिथं नंबर मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं.

शाळेत शिकवायचं असेल तर अजून एक सांगायला हवं, नाहीतर समकक्षता हातात येईल आणि तुम्ही परत त्याच दारात उभ्या राहाल. माध्यमिकला पदवी आणि बी.एड., ज्युनिअर कॉलेजला पदव्युत्तर आणि बी.एड., हे इथल्या मुलींनाही लागतं. म्हणजे समकक्षता मिळाली की बी.एड.ची सीईटी. सीनिअर कॉलेजसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि असिस्टंट प्रोफेसरसाठीच्या नेटला वयाची वरची अट नाही, त्यामुळं ३६ म्हणून मान खाली घालायचं कारण नाही. हां, राज्य सरकारच्या इतर भरतीत खुल्या वर्गाला ३८ ची मर्यादा असते, तसं काही डोक्यात असेल तर मात्र आजपासूनच धावावं लागेल.

तोपर्यंत काय? खाजगी लॅब, कोचिंग क्लास, छोट्या कंपन्या यांना समकक्षतेचा कागद मागायची कायद्यानं सक्ती नाही, मालकाला पटलं तर तो घेऊ शकतो. ज्या पदावर सहीचा अधिकार असतो, जिथं कायद्यानं ठरावीक डिग्री लागते, ती पदं सोडून द्या सध्या, पण बाकी आहेत. क्लासवाले तर डेमो लेक्चर बघतात आणि ठरवतात. तुम्ही दोन वर्षं कॉलेजात शिकवलंय, फळ्यासमोर उभं राहिल्यावर ते दिसतंच.

आता त्या ‘मागच्या तारखेची डिग्री’वाल्याबद्दल. त्याचा नंबर आज ब्लॉक करा. ताई, हे मी नुसतं वाईट आहे, करू नये एवढ्यासाठी सांगत नाहीये. खोटा कागद बनवणं आणि खरा म्हणून वापरणं हे दोन्ही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, ते इथल्या माणसालाही लागू आहेत. पण तुमचा धोका इथल्या माणसापेक्षा मोठा आहे. नागरिकत्व कायद्याच्या दहाव्या कलमात असं आहे की नोंदणीनं किंवा नॅचरलायझेशननं, म्हणजे तुमच्यासारखं अर्ज करून, झालेल्या नागरिकाला पहिल्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली तर केंद्र सरकार त्याचं नागरिकत्व काढून घेऊ शकतं. तुमचं सर्टिफिकेट एक वर्षाचं आहे. बारा वर्षं व्हिसाच्या तारखा मोजत काढलीत, आणि कुणीतरी पंचवीस-तीस हजारांत एक कागद देतोय त्याच्यापायी ते सगळं पणाला लावू नका. तुमच्याकडं खरी डिग्री आहे, खोटीची गरजच काय.

दिरांचं. त्यांच्यासाठी माझा जीव जास्त तुटतो कारण त्यांचा रस्ता जास्त अरुंद आहे. डॉक्टरांची डिग्री यूजीसी बघत नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग म्हणजे एनएमसी बघतो. ऑगस्ट २०२२ मध्ये एनएमसीनं एक जाहीर नोटीस काढली होती, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले, भारतीय नागरिकत्व मिळालेले अल्पसंख्याक डॉक्टर, ज्यांनी इकडं यायच्या आधी तिकडं प्रॅक्टिस केलीय, त्यांच्याकडून अर्ज मागवले होते, निवडलेल्यांना एक परीक्षा देऊन कायम रजिस्ट्रेशनचा मार्ग मोकळा करायचा असं होतं. मुदत ५ सप्टेंबर २०२२. तुमच्या दिरांना नागरिकत्व तुमच्यासारखंच नंतर मिळालं असेल तर त्या वेळी ते बसतच नव्हते, यात त्यांची काही चूक नाही. आता त्यांनी एनएमसीला लेखी विचारावं, की तेव्हा नागरिकत्व नसल्यामुळं अर्ज करता आला नाही, आता मिळालंय, त्याच धर्तीवर माझा अर्ज घ्या किंवा परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची नेहमीची स्क्रीनिंग टेस्ट, एफएमजीई, देऊ द्या. ती परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते, ३०० प्रश्न, १५० हवेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रॅक्टिस सुटून इतकी वर्षं झालेल्या माणसाला फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री परत पहिल्यापासून वाचणं किती जिवावर येतं मला कल्पना आहे, पण परवानगी येईल तेव्हा येईल, अभ्यास आजपासून सुरू करू शकतात. बिलिंगच्या टेबलावर बसून पेशंटच्या फाइली रोज त्यांच्या हाताखालून जातात, त्यांना ते वाचता येतं आणि बोलता येत नाही, ही शिक्षा रोजची आहे.

आणि तोपर्यंत त्यांनी कुणालाही, अगदी शेजारच्या म्हाताऱ्यालाही, औषध लिहून देऊ नये. वस्तीतले लोक येणार, म्हणणार डॉक्टरसाहेब तुम्हीच बघा, पैसे नसतात लोकांकडं, आणि यांचं मन पण होणार. रजिस्ट्रेशनशिवाय प्रॅक्टिस केली तर एनएमसी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि एकदा तशी केस झाली की पुढं रजिस्ट्रेशन मागायला तोंड राहत नाही. ‘दवाखान्यात जा’ एवढंच म्हणायचं. कठीण आहे, पण एवढं पाळायलाच हवं.

तुमच्या ओळखीत अजून कुणी असतील म्हणून पटकन: नर्स असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलकडं समकक्षता आणि मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी. फार्मासिस्ट असेल तर फार्मसी कौन्सिल. वकील असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया, तिथं परदेशी लॉ डिग्रीवाल्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणं सनद मुळात नागरिकाला मिळते त्यामुळं नागरिकत्वाचा तिथं थेट उपयोग होतो. इंजिनिअरला तुमच्यासारखाच समकक्षतेचा रस्ता. बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलेल्यांना पण ‘समकक्षता कुठं मागायची’ हे सगळं असंच लागू आहे, फक्त ती २२ एप्रिलची नोटीस पाकिस्तानच्या डिग्रीबद्दल आहे.

क्रम विचाराल तर मी असा धरेन, आधी नावाचं प्रतिज्ञापत्र, त्याच आठवड्यात नागरिकत्वाच्या फाइलीतल्या प्रतींसाठी आरटीआय, एकीकडं तिकडच्या शिक्क्यांची खटपट, आणि जे कागद आहेत त्यावर यूजीसीचा अर्ज. शिक्के यायची वाट बघत अर्ज थांबवू नका, त्रुटी निघाली तर ते कळवतील, त्रुटीचं पत्र हे सुद्धा एक पत्रच असतं, त्याच्यावर तुमचा अर्ज क्रमांक असतो.

आणि तो शिक्षणाचा रकाना. उद्यापासून त्यात ‘बारावी’ लिहायचं नाही. ते खरं नाही आणि पुढं समकक्षता आल्यावर जुन्या फॉर्ममध्ये वेगळं का लिहिलं होतं असा प्रश्न पण येऊ शकतो. असं लिहा: एम.एस्सी. रसायनशास्त्र, विद्यापीठाचं पूर्ण नाव, गावाचं नाव, पाकिस्तान, उत्तीर्ण वर्ष. देशाचं नाव गाळायचं नाही, बारीक अक्षरात पण लिहायचं नाही. आणि अर्ज केल्यावर त्याच्यापुढं कंसात ‘समकक्षता अर्ज क्रमांक अमुक, निर्णय प्रलंबित’. रकान्यात जागा पुरली नाही तर खाली वेगळी ओळ आखून लिहा, मी टेबलावर असताना अशा ओळी वाचायचे.